लहान मासिकाचे दप्तर

संस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे प्रथम तिची वास्तू, मग घटना, मग विश्वस्तांची नामावली आणि अखेरीस जमाखर्च, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. परंतु नवोदित लेखकांसाठी चालविलेले लहानसे वाङ्मयीन मासिक ही संस्थाच अशी विलक्षण आहे की, तिला बहुधा वास्तू नसते, तिची घटना संपादकाच्या स्वभावात मुरलेली असते, विश्वस्त म्हणजे त्याचे घरचे लोक असतात, आणि जमाखर्चाची वही असलीच तर ती परक्याने उघडू नये हा सभ्यपणा समजला जातो. शिल्लक राहते ते दप्तर : वर्गणीदारांच्या पत्त्यांची एक वही, आलेल्या मजकुराची आवक नोंदवलेली दुसरी, छापखान्याची थकलेली बिले, आणि ज्यांची नावे पूर्वी कोणी ऐकली नव्हती अशा माणसांच्या पत्रांचा गठ्ठा. पालघर, बोईसर व तारापूर या टापूतील लिहित्या मंडळींसाठी निघणाऱ्या प्रस्तुत स्मरणिकेत अशा संस्थेचे इतिवृत्त यावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा कोणा एकाच मासिकाची कुंडली मांडण्यापेक्षा मराठीतील या कुळाची वंशावळ मुळापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत आणून भिडवावी, हे मला अधिक सयुक्तिक वाटले. एक मासिक बंद पडते आणि त्याचे लेखक, वाचक, क्वचित उधारीसुद्धा दुसऱ्याकडे वर्ग होते. त्यामुळे आयुष्य मोजावयाचे ते एकेका मासिकाचे मोजून भागत नाही. या साऱ्या वंशाचे मूळ काम एकच आहे, आणि ते म्हणजे अनोळखी माणसाच्या टपालाला उत्तर देणे. छपाई, वर्गणी, संमेलने, वादविवाद ही सर्व त्या कामाची साधने होत.

या वंशाचा मूळपुरुष मुंबईत किंवा पुण्यात जन्मला नाही. १८८७ साली जळगाव ही खानदेशातील कापसाची पेठ होती. तेथे नारायण नरसिंह फडणीस यांनी केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक सुरू केले आणि ते १९३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धे शतक, चालले. ज्या काळी कविता ही गद्य मजकुराच्या शेवटी उरलेल्या जागेत घालण्याची वस्तू मानली जाई, त्या काळी एका आडगावच्या गृहस्थाने संपूर्ण अंक कवितेचा काढावा आणि तो महिन्यामागून महिने काढीत राहावे, हे धाडस आज आपल्याला कळते त्याहून मोठे होते. केशवसुतांचे उदाहरण घ्यावे. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी ते निवर्तले आणि हरि नारायण आपट्यांनी त्यांची कविता पुस्तकरूपाने लोकांपुढे आणली ती १९१७ साली. मधल्या बारा वर्षांत, आणि त्यापूर्वीच्या सगळ्या उमेदवारीच्या काळात, आधुनिक मराठी कवितेचा हा जनक राहत होता तो ‘काव्यरत्नावली’, ‘करमणूक’, ‘मनोरंजन’ अशा नियतकालिकांच्या फायलींत. ज्या अंकांना पुढे रद्दीचा भाव आला त्या अंकांनी एका युगाची ठेव कोणतेही व्याज न घेता सांभाळली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात एखाद्या तळटीपेत येते. माझ्या मते ती मुख्य मजकुरात यावयास हवी.

फडणिसांची दुसरी कामगिरी १९०७ सालची. त्यांच्या पुढाकाराने जळगावास महाराष्ट्रातील कवींचे संमेलन भरले, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे अध्यक्षस्थानी होते, आणि धरणगावचा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, त्या विद्वज्जनांपुढे कविता म्हणावयास उभा राहिला. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली व पुढे महाराष्ट्राने मूळ नाव विसरून तीच कायम केली. रेव्हरंड टिळकांसारख्या ज्येष्ठ कवीचे लक्ष या मुलाकडे गेले तेही येथेच. मासिक कागदावर जे करीत होते तेच या संमेलनाने मांडवात केले : ज्याला कोणी ओळखत नाही त्याला उभे राहण्यास जागा आणि ऐकणारे चार कान दिले. लहान मासिकाला संमेलन भरविण्याची जी खोड पुढे लागली आणि आजही सुटलेली नाही, तिचा उगम मी जळगावच्या त्या मांडवात धरतो.

दोनच वर्षांनी, १९०९ साली, काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजना’ने पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी मासिकांच्या अर्थकारणाला निराळेच वळण मिळाले. वर्षभराची तूट आश्विन-कार्तिकात जाहिरातींनी भरून काढता येते हे ध्यानी आल्यावर अनेक लहान मासिकांचे प्राण वाचले खरे. परंतु वर्षातून एकदाच निघणारा जाडजूड अंक ही नवोदिताच्या दृष्टीने तितकीशी सोयीची वस्तू नव्हे. त्यात नामवंतांची पाने आधी राखून ठेवलेली असतात. शिवाय आषाढात पाठविलेल्या कथेचा निकाल दिवाळीनंतर कळावा, तोही बहुधा अंकात आपले नाव नाही यावरून कळावा, ही रीत शिकाऊ लेखकाला फारसे काही शिकवीत नाही. त्याला हवे असते ते पंधरा दिवसांत आलेले एक कार्ड.

अंक सिद्ध कसा होई, हे आता ऑफसेट आणि संगणकाच्या पिढीला सांगितले पाहिजे. गावचा छापखाना म्हणजे लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके आणि दुकानांची बिले यांवर जगणारा धंदा. मासिक त्याच्याकडे येई ते लग्नसराई उतरल्यावर. ट्रेडलवर चार-चार पाने चढत. कंपोझिटर उभ्याने केसमधले खिळे उचलून स्टिकमध्ये ओळी जुळवी आणि एखाद्या कवीने ‘ळ’चा सोस धरला असला तर खिळे संपत; मग छापून झालेल्या पानांचे खिळे सोडवून परत खणांत टाकेपर्यंत पुढचे पान थांबून राही. गॅलीची प्रुफे संपादक घरी नेऊन रात्री तपासी, आणि सकाळी कचेरीला किंवा शाळेला जाताना छापखान्याच्या पायरीवर देई. अंक शिवून आला की घरची मंडळी भोवती बसत. कोणी वेष्टणाच्या पट्ट्या कापी, कोणी कणकेची खळ लावी, कोणी वहीतून पत्ते उतरवी, आणि ज्याची वर्गणी संपली त्याच्या वेष्टणावर लाल शाईने तशी आठवण लिहिली जाई. ती लाल शाई वाचूनही वर्गणी न पाठविणारे आणि तरी अंक मिळाला नाही तर तक्रारीचे कार्ड तत्काळ टाकणारे वर्गणीदार हे या संस्थेचे खरे आधारस्तंभ होत. त्यांच्यामुळे निदान अंक कोणीतरी वाचतो आहे याची रुजवात पटे.

सरकारदरबारी या उद्योगाला आणखी एक अंग होते. १८६७च्या छापखाने व पुस्तके नोंदणीच्या कायद्यान्वये मुद्रक व प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करावे लागे. १९५६पासून वृत्तपत्र-निबंधकाची कचेरी सुरू झाल्यावर नाव मंजूर करून घेण्याचा व दरवर्षी विवरण धाडण्याचा व्याप वाढला. त्या कायद्यात अशीही तजवीज होती की, नियतकालिक बारा महिन्यांहून अधिक काळ बंद राहिले तर घोषणापत्र आपोआप रद्द व्हावे. मोठ्या दैनिकाला हे कलम ठाऊकही नसे. लहान मासिकाच्या संपादकाला मात्र ते पाठ असे, कारण आजारपण, बदली, मुलीचे लग्न किंवा छापखान्याची थकबाकी यांपैकी कोणत्याही एका कारणाने बारा महिने सहज उलटत. उलट नोंदणी टिकली तर टपालाची सवलत मिळे, आणि त्या सवलतीवरच अंकाचे जगणे अवलंबून असे. साठीच्या दशकातल्या तरुणांनी आपल्या पत्रांना ‘अनियतकालिक’ हे नाव दिले त्यात बंडखोरी होतीच. पण मुदत आणि विवरण यांच्या जाचातून सुटण्याचा व्यावहारिक शहाणपणाही त्यात होता, असे म्हटले तर त्या बंडाचा अपमान होऊ नये.

त्या बंडाकडे वळण्यापूर्वी ज्याच्याविरुद्ध ते झाले त्याचा विचार करणे प्राप्त आहे. १९३३ साली निघालेले ‘सत्यकथा’ मासिक गिरगावातील खटाववाडीत मौजेच्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि पुढे राम पटवर्धन यांच्या हातांखाली वाढले आणि ऑगस्ट १९८२मध्ये थांबले. नवकथा आणि नवकविता यांचे घर म्हणून त्याची ख्याती सर्वश्रुत आहे; मला येथे सांगावयाचे आहे ते त्याच्या टपालाविषयी. कथा आली की ती वाचली जाई, आणि आवडली तरी तशीच छापली जाईल असे नसे. शेवट घाईचा झाला आहे, अमुक पात्राचे बोलणे त्याच्या तोंडी शोभत नाही, मधला परिच्छेद काढून पाहावा, अशा सूचनांचे सविस्तर पत्र लेखकाला जाई. ते पत्र मिळालेला खेड्यातला शिक्षक किंवा तालुक्याच्या कचेरीतला कारकून आपली कथा तीनतीनदा नव्याने उतरून काढी. ‘साभार परत’ हे दोन शब्द मराठी लेखकांच्या थट्टेचा विषय होऊन बसले. परंतु स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून सोबत जोडलेले पाकीट ज्या कचेरीतून खरोखरच परत येई, तिच्याविषयी लेखकाच्या मनात राग असला तरी विश्वासही असे. जेथून पाकीटच परत येत नाही तेथे रागावण्याची सोयही उरत नाही.

तथापि ज्या साक्षेपाने एक अभिरुची घडते त्याच साक्षेपाने तिचे कुंपण होते. ज्यांचे जगणे आणि ज्यांची भाषा त्या अभिरुचीच्या कक्षेत सहजी मावत नव्हती त्यांनी आपापली साधने शोधली. १९५४-५५च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ हे पत्र सायक्लोस्टाइल करून काढले. खिळे, ट्रेडल, कंपोझिटर सारे बाजूस सारून मेणकागदावर टंकलेखन करावे आणि रूळ फिरवून पाने काढावीत, एवढ्यावर एका नव्या काव्यपरंपरेचा आरंभ झाला. १९६३ साली अशोक शहाणे यांनी ‘मनोहर’मध्ये तत्कालीन मराठी वाङ्मयावर ‘क्ष’ किरण टाकणारा लेख लिहून जी खळबळ उडविली, तिच्यामागोमाग त्यांचे ‘असो’ आले. औरंगाबादेस भालचंद्र नेमाडे आणि त्यांचे मित्र ‘वाचा’ चालवू लागले. ‘भारुड’, ‘फक्त’, ‘येरू’ अशी नावे घेत कित्येक पत्रे निघाली आणि थोडक्या अंकांत मिटली. १९६९ साली राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी एवढेच म्हणेन की, जाळण्यासाठीसुद्धा अंक विकत घ्यावा लागतो, आणि जाळणाऱ्यांइतके बारकाईने ‘सत्यकथा’ वाचणारे लोक त्या काळी तिच्या वर्गणीदारांतही थोडेच असतील.

या अनियतकालिकांच्या अल्पायुष्याची कीव करण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. चार अंक काढून थांबलेल्या पत्राने चार अंकांचे काम केलेले असते, आणि शहाण्यांनी पुढे ‘प्रास प्रकाशन’ काढून कोलटकरांची पुस्तके सिद्ध केली तेव्हा त्या जुन्या पत्रांची पुण्याई पुस्तकांच्या कामी आली. लहान मासिकाने शतायुषी व्हावे ही अपेक्षा संस्था चालविणाऱ्यांची असते. लिहिणाऱ्याला आपल्या ऐन उमेदीच्या तीन-चार वर्षांत एक अंक हाताशी असला तरी पुरते.

दीर्घायुष्याचे उदाहरणही त्याच औरंगाबादेत आहे, आणि ते कारणासहित पाहण्यासारखे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने नागसेनवनात काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात खेड्यापाड्यांतून आलेली दलित विद्यार्थ्यांची पहिली पिढी शिकत होती, प्राचार्य म. ना. वानखेडे यांच्यासारखे वाङ्मयज्ञ तेथे होते. आणि तेथेच अध्यापक असलेल्या गंगाधर पानतावणे यांनी १९६७-६८मध्ये प्रथम ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ या नावाने त्रैमासिक सुरू केले. २०१८च्या मार्चमध्ये पानतावणे निवर्तले तेव्हा त्यांच्या संपादकपदाला अर्धशतक झाले होते. ज्यांच्या घरात अक्षर शिरलेले ते पहिलेच, अशा मुलांकडून येणारा मजकूर सफाईदार असणे शक्य नव्हते. व्याकरणाच्या चुका होत्या, वाक्ये अर्धी सुटलेली होती, पण सांगण्यासारखे इतके होते की त्यापुढे सफाईचा प्रश्न गौण ठरावा. येथे संपादकाचे काम ‘सत्यकथे’च्या संपादकाहून निराळे झाले. मजकूर घासूनपुसून घेणे दूरच राहिले. लेखकाला आपले जगणे हा लिहिण्याचा विषय होऊ शकतो हे आधी पटवून द्यावयाचे होते. त्यासाठी अंक अपुरा पडतो हे ओळखून ‘अस्मितादर्श’ने लेखक-वाचक मेळावे भरविले, आणि ते एका शहरात न बांधता गावोगाव नेले. लेखक आणि वाचक एकाच सतरंजीवर बसावेत ही कल्पना जळगावच्या संमेलनाहून एक पाऊल पुढची होती, कारण आज वाचक म्हणून आलेला पुढच्या वर्षी लेखक म्हणून येईल हे त्यात गृहीत धरलेले होते. दलित आत्मकथनांचा जो प्रवाह सत्तरीच्या अखेरीस मराठीत उसळला, त्याची पूर्वतयारी अशा मेळाव्यांत आणि अशा अंकांत झाली.

धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५मध्ये काढलेले ‘कवितारती’ हे कवितेला आणि काव्यचर्चेला वाहिलेले द्वैमासिक याच मालिकेतले. जळगाव, औरंगाबाद, धुळे ही नावे एकापुढे एक ठेवली म्हणजे जे दिसते तेच आपल्या टापूच्या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. लहान मासिक टिकले ते मुंबईच्या आटोक्याबाहेर. मुंबईत ते निघाले पुष्कळ वेळा, टिकले क्वचित. आणि पालघर तर मुंबईच्या दारातच आहे : चर्चगेटपासून पालघर स्थानक सुमारे नव्वद किलोमीटर, बोईसर शंभराच्या आसपास. ज्याला लिहिण्याची उमेद होती तो सकाळच्या गाडीने खटाववाडीला किंवा दादरच्या ग्रंथसंग्रहालयात जाऊन संध्याकाळी परत येऊ शकत होता, आणि गावात मासिक काढण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ते सोपे होते. २०१३च्या एप्रिलपासून उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागल्यावर हे अंतर आणखी आकसले. जे गाव राजधानीपासून एका रात्रीच्या प्रवासाइतके दूर असते त्याला आपले मासिक काढण्यावाचून गत्यंतर नसते; आपल्याला गत्यंतर होते, हे आपले दुर्दैव.

तरीही या किनाऱ्याला नियतकालिकांचा वारसाच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवरचा वारसा तर सर्वांत थोर. गिजुभाई बधेकांच्या सहवासात भावनगरला घडलेल्या ताराबाई मोडक यांनी १९३३मध्ये मराठी ‘शिक्षणपत्रिका’ सुरू केली. पुढे १९४५मध्ये त्यांनी बोर्डीस बस्तान हलविले, १९५७मध्ये ते कार्य कोसबाडला गेले, आणि त्यांच्यानंतर अनुताई वाघ यांनी ती धुरा वाहिली. ही पत्रिका वाङ्मयीन नव्हे हे मला मान्य आहे. परंतु अंगणात बसलेल्या वारली मुलांना काय शिकवावे आणि ती काय शिकवितात, हे साध्या मराठीत लिहून काढण्याची सवय ज्या पत्रिकेने शिक्षकांना लावली, तिला लिहित्या माणसांच्या संस्थेतून वगळावे असे मला वाटत नाही. आणि स्वतः अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक त्या सवयीचे फळ आहे. दक्षिणेकडे वसईत ‘सुवार्ता’ हे मासिक ख्रिस्ती समाजाचे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३पासून २००७पर्यंत त्याचे संपादक होते, आणि धर्मप्रांताच्या मासिकाचे दार त्यांनी एकूण मराठी वाङ्मयाकडे उघडले. तेच दिब्रिटो २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. याशिवाय या पट्ट्यातील ज्ञातिपत्रिका. वधूवरांच्या याद्या, परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावे आणि दुखवटे यांच्यामध्ये कोठेतरी एखादी कविता दडलेली असे. कित्येकांचे नाव पहिल्याने छापून आले ते तेथेच. ज्ञातिपत्रिकेची मर्यादा उघड आहे : ती दुसऱ्याच्या आळीतल्या कवीला जागा देत नाही. पण तिची वर्गणी वसूल होते, एवढे श्रेय तिला द्यावयासच हवे.

आता बोईसर-तारापूर. १९६९ साली, म्हणजे गिरगावात ‘सत्यकथे’ची होळी झाली त्याच साली, तारापूरच्या अणुवीज केंद्राने वीज देण्यास आरंभ केला, आणि त्यानंतर बोईसरला औद्योगिक वसाहत वाढत गेली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांत घाटावरचे, मराठवाड्यातले, खानदेशातले तरुण आले. त्यांच्यामागोमाग उत्तरेतले आले. विरोधाभास पाहण्यासारखा आहे. जे तरुण आपल्या गावी राहिले असते तर धुळ्याच्या किंवा औरंगाबादच्या मासिकाच्या टपाल-टप्प्यात राहिले असते, ते येथे येऊन पोचले आणि तीन पाळ्यांच्या कामात, भाड्याच्या खोलीत, कोणत्याही संपादकाच्या ओळखीबाहेर पडले. तिसरी पाळी संपवून सकाळी खोलीवर परतलेला माणूस कविता लिहीत नाही असे मानण्याचे कारण नाही. तो लिहितो, पण कारखान्याच्या नोंदवहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितो आणि पाठवावे कोठे हे त्याला ठाऊक नसते. अणुवसाहतीतले शिक्षित कुटुंब, सातपाटी-मुरब्याच्या मच्छीमारांची मुले, चिंचणी-केळवे-माहीमच्या वाड्यांतले वाडवळ, तलासरी-डहाणूच्या पाड्यांवरचे वारली आणि कारखान्यातले हे परगावचे कामगार, असा लेखकवर्ग महाराष्ट्रात दुसरीकडे एका तालुक्याच्या अंतरात सापडणे कठीण. गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांच्या उठावावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिले, ते १९७०मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु ते बाहेरून आलेल्या एका थोर कार्यकर्तीचे लेखन होते. पाड्यावरच्या मुलाने स्वतः लिहिलेली दोन पाने कोणी मागितली, आणि आली तर कोणी तपासून परत धाडली, हा लहान मासिकाचा प्रश्न आहे.

व्यवहार म्हणून पाहिले तर आज काही गोष्टी सुकर झाल्या आहेत व काही अवघड. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून फुटून पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, त्यामुळे जिल्ह्याच्या कचेरीचे काम ठाण्यास खेटे न घालता गावातच होऊ लागले. १८६७चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३चा नियतकालिक नोंदणीचा कायदा मार्च २०२४पासून अंमलात आला आणि नोंदणीचे पुष्कळसे काम संगणकावरून होते. दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहून घोषणापत्र करण्याचा जुना सोहळा संपला. खिळे संपत नाहीत, पाचशे प्रती छापणे पूर्वीइतके कष्टाचे नाही. उलट टपाल महागले. छापील पुस्तकांना मिळणारी नोंदणीकृत बुक पोस्टाची सवलतही २०२४च्या डिसेंबरात काढून घेण्यात आली. पण टपाल पूर्वीही महागच वाटे, आणि कोणतेही लहान मासिक केवळ टपालखर्चाने बुडाल्याचे मला तरी स्मरत नाही. ती बुडतात संपादक थकल्यामुळे. आणि संपादक थकतो तो उत्तरे लिहून.

या टापूत असे मासिक काढू पाहणाऱ्याने म्हणून प्रथम पाने किती, कागद कोणता आणि मुखपृष्ठावर वारली चित्र घ्यावे की नाही या चर्चेत वेळ घालवू नये. (ते घेतले जाईलच.) उत्तरे लिहिणारी दोन-तीन माणसे आधी गोळा करावीत, आणि त्यांपैकी एकाला तरी मांगेली, एकाला वाडवळी, आणि शक्य झाल्यास एकाला वारली कळत असावी, कारण जो मजकूर येईल तो या बोलींतून उचललेल्या वाक्यांनी भरलेला असेल आणि पुण्याच्या शुद्धलेखनाचा रूळ त्यावरून फिरविला तर हाती काही उरणार नाही. वसईच्या बाजूला कादोडी बोलीच्या नावानेच अंक काढण्यात आला, आणि बोलीतले लेखन केवळ गंमत म्हणून वाचण्याची गरज नाही हे तेवढ्याने दिसून आले. नोंदणीच्या अर्जात भाषेचा रकाना असतो. तेथे निमूटपणे ‘मराठी’ असे लिहावे, अर्ज धाडून द्यावा, आणि आतल्या पानांवर सातपाटीच्या मुलीने होडीला, डोलीला, दालद्याला जी नावे दिली असतील ती तशीच छापावीत. कंसात अर्थ देण्याची आवश्यकता नाही, ज्याला अडेल तो कार्ड टाकून विचारील, आणि मग त्याला उत्तर लिहावे.